संगणकास ताप कां चढतो?

जेथें काम आहे तेथें उष्णता आहे, हा सृष्टीचा नियम आहे. नांगर ओढणाऱ्या बैलाचें अंग तापतें, धांवत्या गाडीच्या चाकाचा आंस तापतो, आणि पिठाच्या गिरणींतून पडणारें पीठ हातास ऊन लागतें. संगणक कितीहि बुद्धिमान यंत्र म्हणून गणला गेला, तरी या नियमास तो अपवाद नाहीं. आमच्या शाळेंतील वरच्या वर्गांचे कित्येक विद्यार्थी, व शाळा सोडून गेलेले त्यांचे थोरले बंधु, अलीकडे सुटे भाग आणून स्वतःच्या हातानें संगणक जोडूं लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु यंत्र चालू होऊन अर्धी घटका होते न होते तोंच तें मंदावतें, पंखा घोंघावूं लागतो, आणि कधीं कधीं तर पडदा एकाएकीं काळा होऊन सर्व कांहीं बंद पडतें, अशी तक्रार घेऊन ते येतात. "सर, प्रोसेसरच खराब निघाला," हें त्यांचें पहिलें वाक्य असतें. बहुतेक वेळां तें खरें नसतें. दोष कोठें असतो व तो कसा शोधावा, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु तो तसा नाहीं. २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिला आधार क्रमांक आपल्याच जिल्ह्यांतील टेंभली या खेड्यांत देण्यांत आला. संगणक ही केवळ मोठ्या शहराची वस्तु राहिली नाहीं, याची ती एक खूण होती. आज ज्या घरांतील मुलगा संगणक जोडतो, त्या घरानें त्यासाठीं मिरचीच्या किंवा कापसाच्या उत्पन्नांतून पैसा बाजूस काढलेला असतो. अशा वेळीं निदान चुकलें, तर निर्दोष भाग टाकून देऊन त्याच्या जागीं दुसरा विकत घेतला जातो, आणि मूळ दोष जेथल्या तेथेंच राहतो. हें नुकसान लहान नव्हे.

प्रथम या उष्णतेचें स्वरूप पाहूं. प्रोसेसर म्हणजे सिलिकनचा एक पातळ तुकडा. त्यांत ट्रान्झिस्टर नांवाच्या कोट्यवधि सूक्ष्म कळा असतात, व त्या दर सेकंदास अब्जावधि वेळां उघडझांप करितात. या खटाटोपांत जी वीज आंत जाते, ती जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. एकूण आंकडा पाहिला तर तो मोठा नाहीं. एक हजार वॅटच्या इस्त्रीपुढें ६५ वॅटचा प्रोसेसर म्हणजे कांहींच नव्हे. पण इस्त्रीची उष्णता पावणेदोनशें चौरस सेंटीमीटरांच्या तव्यावर पसरलेली असते, व प्रोसेसरची उष्णता सुमारें दोन चौरस सेंटीमीटरांच्या तुकड्यांत कोंडलेली असते. हिशेब केला तर दर चौरस सेंटीमीटरामागें प्रोसेसरची उष्णता इस्त्रीच्या पांचपटीहून अधिक भरते. ती क्षणाक्षणास वाहून नेली नाहीं, तर पुढें काय होईल हें सांगावयास नको.

ही अडचण आजची नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आपल्या देशांतील पहिल्या संगणकांपैकीं एक बांधण्यांत आला. त्याचा लहान नमुना १९५६ सालीं तयार झाला, पूर्ण यंत्र १९६० सालीं चालू झालें, व पुढें त्यास टिफ्रॅक हें नांव मिळालें. त्यांत सुमारें २७०० निर्वात नळ्या होत्या, आणि जुन्या रेडिओच्या व्हाल्वप्रमाणें त्या प्रत्येकीस तापविल्याशिवाय तिचें कामच होत नसे. नळ्या गेल्या व ट्रान्झिस्टर आले, तरी उष्णता गेली नाहीं. ती फक्त लहान जागेंत गोळा झाली. पुणें येथील आयसर या संस्थेंत २०१९ सालीं सी-डॅकच्या साहाय्यानें परम ब्रह्म हा महासंगणक उभा राहिला. त्यास केवळ पंख्याच्या वाऱ्यावर न ठेवतां पाणी थेट तापणाऱ्या भागांपर्यंत नेऊन थंड करण्याची योजना केलेली आहे. सारांश, मोठ्या यंत्राचा आणि आपल्या मेजावरील यंत्राचा प्रश्न एकच आहे. उष्णता निर्माण होणारच. तिला बाहेर जाण्यास वाट मोकळी आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें असतें.

ही वाट कशी आहे? सिलिकनच्या तुकड्यांतून उष्णता प्रोसेसरवरील धातूच्या झांकणांत येते. झांकणावर थर्मल पेस्ट म्हणून जो लेप असतो, त्यांतून ती कूलरच्या तळास पोंचते. तळापासून तांब्याच्या नळ्यांवाटे किंवा सरळ धातूंतूनच ती कूलरच्या पातळ पत्र्यांत पसरते. पंखा त्या पत्र्यांमधून वारा खेळवितो व उष्णता कॅबिनेटांतील हवेंत जाते. शेवटीं कॅबिनेटाचे पंखे ती हवा खोलींत ढकलतात. गांवांत आग लागली असतां विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून बादल्या पोंचवितात, तसाच हा प्रकार आहे. रांगेंतील एकाच माणसानें हात आखडला, कीं बाकीच्यांची धडपड व्यर्थ होते. मग विहिरीस बोल लावण्यांत काय अर्थ?

आतां आपल्या हवामानाचा विचार केला पाहिजे; कारण परक्या मुलखांत लिहिलेलीं माहितीपत्रकें आपल्या मे महिन्याचा विचार करीत नाहींत. साधा वाऱ्याचा कूलर प्रोसेसरला भोवतालच्या हवेपेक्षां अधिक थंड करूं शकत नाहीं. आपण उन्हाळ्यांत खिडकींत बसवितों तो पाण्याचा कूलर निराळा. त्यांत पाण्याची वाफ होते, म्हणून हवा निवते. संगणकाचा कूलर फक्त उष्णता वाहून नेतो. म्हणून प्रोसेसरचें तापमान पाहावयाचें तें नेहमीं खोलीचें तापमान वजा करून पाहावें.

एक उदाहरण घेऊं. इंटेलचा कोअर आय-५ १२४०० हा प्रोसेसर पुष्कळांच्या घरीं असतो. त्याची मूळ शक्ति ६५ वॅट सांगितली आहे. पण जोराचें काम पडलें असतां तो ११७ वॅटपर्यंत जाऊं शकतो. आपला कूलर असा आहे असें धरा कीं, दर वॅटमागें प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षां अर्धा अंश अधिक तापतो. तर ६५ वॅटला साडेबत्तीस अंश, आणि ११७ वॅटला साडेअठ्ठावन अंश वाढ होईल. तोरणमाळच्या थंडींत खोलीचें तापमान २० अंश असेल, तर हे आंकडे साडेबावन व साडेअठ्ठ्याहत्तर होतात. यंत्र सुखानें चालतें. नंदुरबारास मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखालीं खोलींतच ४२ अंश असतील, तर तेच आंकडे साडेचौऱ्याहत्तर व साडेशंभर होतात; आणि या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची आहे. यंत्र तेंच, कूलर तोच, जोडणारा हातहि तोच. ऋतु मात्र बदलला. तेव्हां हिंवाळ्यांत निर्दोष चाललेला संगणक उन्हाळ्यांत तापला, म्हणजे तो बिघडलाच असें समजूं नये.

मर्यादा गांठली म्हणजे काय होतें, हेंहि माहीत असावें. आजचे प्रोसेसर आपलें तापमान स्वतःच मोजीत असतात. मर्यादेजवळ येतांच ते आपला वेग कमी करितात, म्हणजे उष्णताहि कमी होते. त्यानेंहि भागलें नाहीं तर यंत्र बंद करून घेतात. एएमडीचे २०२२ सालापासूनचे रायझन ७००० मालिकेंतील कांहीं प्रोसेसर तर भरपूर काम दिलें असतां ९५ अंशांपर्यंत जाऊन तेथेंच स्थिर राहतील, अशा बेतानेंच केलेले आहेत. म्हणून "प्रोसेसर जळाला" ही भीति बहुधा अनाठायीं असते. वेग मंदावणें व यंत्र बंद पडणें ही रोगाची खूण आहे. किंबहुना शरीर स्वतःचें रक्षण करीत असल्याची ती खूण आहे.

आतां निदानाकडे वळूं. वैद्य जसा ताप किती आहे एवढेंच न पाहतां तो कसा चढतो हेंहि विचारतो, तसेंच येथें करावें. खोलींत एक साधा थर्मामीटर ठेवावा. संगणकांत कोअर टेम्पसारखें तापमान दाखविणारें साधन घालावें, आणि यंत्रास जोराचें काम देऊन घड्याळ हातीं घेऊन पाहावें. काम सुरू होतांच पांच-दहा सेकंदांत तापमान ९५ किंवा १०० अंशांवर उडी मारीत असेल, तर उष्णता कूलरपर्यंत पोंचतच नाहीं असें बहुधा समजावें. दोष लेपांत किंवा कूलरच्या बसवणुकींत आहे. तापमान हळूहळू चढत जाऊन दहा-वीस मिनिटांनीं मर्यादा गांठीत असेल, तर उष्णता कूलरपर्यंत येते, पण तेथून हवेंत वाहून जात नाहीं. दोष पंखा, धूळ, कॅबिनेट किंवा खोली यांत आहे.

दुसरी कसोटी हाताची. यंत्र तापलेलें असतांच तें बंद करून वीज काढावी, कॅबिनेटाच्या धातूस एकदां हात लावून अंगांतील स्थिर विद्युत् उतरवावी, व कूलरच्या पत्र्यांस बेतानें बोट लावून पाहावें. आंकडा ९५ अंश दाखवीत होता आणि पत्रे मात्र थंड आहेत, असें असेल तर मधला पूल तुटला आहे. पत्रे चांगलेच कढत असतील, तर पूल शाबूत आहे. पुढची वाट अडली आहे. तिसरी कसोटी कॅबिनेटाची. बाजूचें झांकण काढून तेंच काम पुन्हां द्यावें. तापमान पांच-सात अंशांनीं उतरलें, तर कॅबिनेटांत वारा खेळत नाहीं हें सिद्ध झालें. या तिन्ही कसोट्यांस एक पैसाहि लागत नाहीं. म्हणून खरेदीचा विचार त्यांच्या नंतर यावा.

गेल्या उन्हाळ्यांत शहादा तालुक्यांतील एक माजी विद्यार्थी आपला नवा संगणक घेऊन आला होता. बायॉसच्या पडद्यावरच तापमान ९० च्या वर दिसत होतें. एका दुकानदारानें त्यास प्रोसेसर बदलण्याचा सल्ला दिला होता, आणि वडिलांकडे पुन्हां पैसे कसे मागावे या विवंचनेंत तो होता. पत्रे चांचपून पाहिले तों ते थंड. कूलर उतरविला तेव्हां त्याच्या तळावर, कारखान्यांत चिकटविलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद तसाच होता. तो काढून, तळ पुसून, नवा लेप लावून कूलर बसविल्यावर तेंच यंत्र त्याच खोलींत ५० अंशांच्या आंत चालूं लागलें. मुलगा हुशार होता. त्यानें प्रत्येक तार बिनचूक जोडली होती. फक्त शेवटची तपासणी कोणी त्यास शिकविली नव्हती.

बसवणुकींतील दुसरे दोषहि असेच साधे असतात. इंटेलच्या पेटींत येणाऱ्या कूलरास चार खुंट्या असतात. बसविण्यापूर्वीं प्रत्येक खुंटीचें डोकें बाणाच्या उलट दिशेनें वळवून मूळ स्थितींत आणावें. बाणाची दिशा ही सोडविण्याची दिशा आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन खुंट्या एकदम दाबाव्या, व नंतर उरलेल्या दोन. प्रत्येकीचा 'टक्' असा आवाज ऐकूं आला पाहिजे. हें काम मदरबोर्ड कॅबिनेटांत घालण्यापूर्वीं मेजावर करावें, म्हणजे बोर्ड उलटून चारीहि खुंट्या मागल्या बाजूस पूर्ण बाहेर आल्या आहेत कीं नाहीं, हें डोळ्यांनीं पाहतां येतें. तीन बसल्या व एक अर्धवट राहिली, कीं कूलर तिरपा होतो आणि तळ एका कडेनेंच टेकतो.

जुना कूलर नव्या मदरबोर्डावर बसवितांना तर विशेष सावध असावें. इंटेलच्या एलजीए १२०० सॉकेटाभोवतीं छिद्रांमधील अंतर ७५ मिलिमीटर होतें. २०२१ सालीं आलेल्या एलजीए १७०० मध्यें तें ७८ मिलिमीटर झालें, व उंचीहि थोडी बदलली. तीन मिलिमीटरांचा हा फरक नजरेस येत नाहीं; परंतु जुनी पट्टी ओढूनताणून बसविली, तर दाब सारखा पडत नाहीं. अशा वेळीं कूलरच्या कारखानदाराकडून त्या सॉकेटाची योग्य पट्टी मिळवावी. स्क्रूचे कूलर असतील, तर एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जाऊं नये. ट्रॅक्टरच्या चाकाचे नट जसे समोरासमोरचे थोडे थोडे आवळीत जातात, तसेंच येथें करावें. मोठा उभा कूलर विकत घेण्यापूर्वीं त्याची उंची व कॅबिनेटाची रुंदी ताडून पाहावी. असे कूलर बहुधा १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात, व अरुंद कॅबिनेटाचें झांकण त्यावर टेकतें.

लेपाविषयीं दोन शब्द. धातूचे दोन तळ कितीहि गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यामध्यें सूक्ष्म पोकळ्या राहतात व त्यांत हवा असते. हवा ही उष्णतेची अत्यंत वाईट वाहक आहे. लेप तिच्यापेक्षां शेंकडोपट चांगला. पण तांबें लेपापेक्षांहि कित्येक पटींनीं चांगलें. यावरून नियम आपोआप निघतो. लेपाचें काम फक्त पोकळ्या भरण्याचें आहे, थर देण्याचें नव्हे. झांकणाच्या मध्यभागीं वाटाण्याच्या दाण्याएवढा लेप ठेवून कूलर सरळ खालीं दाबला, म्हणजे तो आपोआप पसरतो. भाकरीवर लोणी थापावें तसा तो थापूं नये. कूलरच्या तळावर कारखान्यांतूनच करडा लेप आलेला असेल, तर त्यावर दुसरा घालूं नये. पण एकदां बसविलेला कूलर उचलला, कीं जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलानें पुसून नवाच लावावा. एएमडीच्या एएम-४ सॉकेटांत आणखी एक धोका आहे. तेथें कूलर सरळ वर ओढला, तर चिकटलेला प्रोसेसरहि त्याबरोबर उपसून येतो व त्याच्या पिना वांकतात. म्हणून यंत्र थोडा वेळ चालवून लेप ऊन करावा, वीज काढावी, आणि मग कूलर हलके हलके पिळीत सोडवावा.

आतां हवेची वाट. कूलरच्या पंख्याची तार मदरबोर्डावर 'सीपीयू फॅन' असें लिहिलेल्या चार पिनांच्या जागींच जोडावी. दुसरीकडे जोडली तर प्रोसेसर तापला तरी पंख्याचा वेग त्याप्रमाणें वाढेलच असें नाहीं. एखादी सैल तार पात्यांस अडत नाहीं ना, तेंहि पाहावें. पंख्याची ज्या बाजूस आडवी चौकट असते, त्या बाजूनें वारा बाहेर पडतो. समोरचे पंखे हवा आंत घेणारे, व मागचे बाहेर टाकणारे असावेत. पातळ कागदाचा तुकडा जवळ धरला कीं दिशा कळते. कॅबिनेट भिंतीस चिकटवून किंवा मेजाच्या बंद कप्प्यांत ठेवूं नये, कारण तेथें बाहेर टाकलेली गरम हवाच पुन्हां आंत येते.

नंदुरबारकरांस धुळीविषयीं सांगण्याची गरज नाहीं. मिरची वाळविण्याच्या दिवसांत येथील हवेंत काय उडत असतें, हें प्रत्येकाचें नाक जाणतें. तीच धूळ पंख्यावाटे पत्र्यांच्या फटींत बसते, व वर्षभरांत तेथें कापसासारखा थर जमतो. उन्हाळा लागण्यापूर्वीं एकदां, व मिरचीचा हंगाम संपल्यावर एकदां, यंत्र बंद करून मऊ कुंचल्यानें पत्रे साफ करावे. फुंकर किंवा हवेचा झोत मारतांना पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावीं. पाण्याचा कूलर खोलींत असल्यास चांगलेंच, कारण त्यानें खोलीचें तापमान उतरतें. मात्र त्याचा ओलसर झोत सरळ संगणकावर येऊं देऊं नये.

हें सर्व करूनहि मे महिन्यांत यंत्र मर्यादेस टेकत असेल, तर दोन उपाय उरतात. पहिला फुकटचा आहे. पुष्कळ मदरबोर्ड प्रोसेसरची शक्तिमर्यादा मोकळी सोडून देतात. बायॉसमध्यें जाऊन ती ६५ वॅटवर आणावी. वेग किंचित् कमी होतो, पण उष्णता जवळजवळ निम्म्यावर येते, व अभ्यासाच्या कामांत हा फरक सहसा जाणवतहि नाहीं. दुसरा उपाय मोठ्या कूलरचा. त्याच्या तांब्याच्या बंद नळ्यांत थोडें पाणी कमी दाबाखालीं असतें. तळाशीं त्याची वाफ होते, वरच्या पत्र्यांपाशीं ती निवून पुन्हां पाणी होते, आणि नळीच्या आंतील सच्छिद्र अस्तरांतून तें तळास परततें. असा कूलर घेणें प्रोसेसर बदलण्यापेक्षां पुष्कळ स्वस्त पडतें. परंतु वरील कसोट्या न करितां तो आणला, आणि तो तिरपाच बसविला, तर मोठा कूलरहि निरुपयोगी ठरतो.

विद्यार्थीमित्रांनो, प्रयोगशाळेंत आपण जो धडा गिरवितों, तोच येथें उपयोगीं पडतो. आधीं मोजावें, मग एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, पुन्हां मोजावें, आणि दोन्ही आंकडे वहींत टिपून ठेवावे. खोलीचें तापमान, प्रोसेसरचें तापमान, आणि तेथपर्यंत चढण्यास लागलेला वेळ, एवढे तीन आंकडे हातीं असले, म्हणजे दुकानदाराच्या मतावर किंवा शेजाऱ्याच्या तर्कावर विसंबून राहण्याचें कारण उरत नाहीं. ज्यास हे आंकडे समजतात, त्यानें आपल्या आळींतील दुसऱ्याचाहि संगणक तपासून द्यावा. एका घराचे पैसे वांचले, तर आपली विद्या कामास आली असें समजावें.